‘कहां पहुंचा?’ विचारणारे आम्हीच



या पानावर आम्ही आजवर लिहिले ते सुताचे भाव, विजेची बिले, प्रोसेसचे दर आणि उधारीची वसुली यांबद्दल. आज विषय वेगळा आहे. गाडी चालविणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरून उडते आणि त्यातून माणसे मरतात, त्याबद्दल लिहावयाचे आहे. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, मराठी आम्ही पेठेत आणि कचेऱ्यांतून फिरताना शिकलो, तेव्हा भाषेत चूकभूल झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. मजकुरात मात्र चूक नाही, कारण तो आमच्या स्वतःच्या पेढीवर घडलेला आहे.

कोणी म्हणेल, हा विषय पोलिसांचा आणि आर.टी.ओ.चा, व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम? काम आहे. ड्रायव्हरच्या हातात जो फोन वाजतो, तो बहुतेक वेळा कोणत्या तरी गादीवरूनच गेलेला असतो.

२०१९ सालच्या जानेवारी महिन्यातली गोष्ट. मालेगावहून रंगीत साड्यांच्या गाठी भरून आमचा टेम्पो रात्री अकराच्या सुमारास निघाला. भिवंडीच्या गोदामात माल उतरवून तेथून मुंबईच्या पार्टीला द्यावयाचा होता. मालेगाव ते भिवंडी अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर. म्हणजे पहाटे गाडी पोहोचणार, गोदाम उघडणार सकाळी नऊनंतर आणि पार्टीचे दुकान अकराला. घाई कसलीच नव्हती. तरीही त्या रात्री आम्ही ड्रायव्हरला सहा वेळा फोन केला. चांदवडला, नाशिकला, घोटीला, कसारा घाट उतरल्यावर. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, ‘कहां पहुंचा?’ आणि त्याचे तेच उत्तर, ‘आ रहा हूं सेठ.’ झोप येत नव्हती म्हणून फोन केले, असे आज प्रामाणिकपणे सांगतो.

सातवा फोन पहाटे पाचच्या सुमारास केला. गाडी शहापूर सोडून पडघ्याच्या दिशेने चालली होती. आम्हाला अचानक आठवले की पार्टीने मरून रंगाच्या गाठी जास्त मागितल्या होत्या. विचारले, ‘मरून की कितनी गठान चढाई?’ ड्रायव्हरने क्लिनरला फाइलमधून चलान काढावयास सांगितले. क्लिनरने बॅटरी लावून कागद त्याच्यापुढे धरला. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन, डोळे चलानावर आणि डोक्यात मरून रंग. पुढे रस्त्याच्या डाव्या कडेला एक ट्रेलर बंद पडून उभा होता. मागे ना दिवा, ना लाल त्रिकोण.

आमच्या कानात एक मोठा आवाज आला आणि फोन बंद झाला. आम्ही समजलो, रेंज गेली. म्हणून आणखी दोन वेळा फोन लावला.

त्या बोलण्याची नोंद आमच्या फोनमध्ये होती, ४१ सेकंद. ताशी ६० किलोमीटर वेगाने ४१ सेकंदांत गाडी जवळजवळ ७०० मीटर जाते. मरूनच्या गाठी किती, हे त्याच चलानाच्या दुसऱ्या प्रतीवर लिहिलेले होते. ती प्रत आमच्या गादीखाली होती. हात घातला असता तर मिळाली असती.

टेम्पोचा डावा भाग आत गेला. क्लिनर नेहमी डाव्या बाजूला बसतो, मार त्यालाच बसतो. पोरगा एकोणीस वर्षांचा. ठाण्याकडच्या एका इस्पितळात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ड्रायव्हरच्या बरगड्या मोडल्या, तो तीन महिन्यांत उठला. त्याने कोणालाही सांगितले नाही की त्या वेळी फोनवर सेठ होता. आम्हालाही नाही. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा एवढेच म्हणाला, ‘माल का क्या हुआ सेठ?’ मालाला काहीच झाले नव्हते. दोन गाठी फाटल्या होत्या, बाकीच्या दुसऱ्या गाडीतून दोन दिवसांनी पार्टीला पोहोचल्या आणि पार्टीने उशिराबद्दल एक शब्दही काढला नाही.

आता आकडे पाहू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांपैकी वाहन चालविताना मोबाईल वापरल्यामुळे झालेले मृत्यू सुमारे ३ हजार ४०० दाखविले आहेत, म्हणजे शंभरात दोन. आमचा या आकड्यावर विश्वास बसत नाही. आमच्याच अपघाताची नोंद पाहा. उभ्या ट्रेलरवर मागून धडक, एवढेच कागदावर आले. फोनचा उल्लेख कोठेही नाही. ज्याच्या हातात फोन होता तो बोलत नाही, आणि ज्याने फोन केला तो तर घटनास्थळापासून दोनशे किलोमीटरवर गादीवर बसलेला असतो.

वेगाचा हिशेब आपल्या लोकांना मीटरमध्ये सांगितला तर लवकर कळेल, कारण आपला जन्म कापड मोजण्यात गेला. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. साडेपाच मीटरच्या तीन साड्या. ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तीन साड्यांची लांबी संपली. ताशी ८० च्या वेगात पाच सेकंद डोळे खाली करून एखादा संदेश वाचला, तर गाडी ११० मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे पुरा एक ताका उलगडून रस्त्यावर अंथरला आणि त्यावरून डोळे मिटून गाडी नेली. ज्या व्यापाऱ्याला ताक्यामागे अर्धा मीटर कमी भरला तर झोप येत नाही, त्याने हा ताकाही मोजावा.

यावर काही तरुण व्यापारी म्हणतात, ‘चाचा, आता जमाना बदलला. ड्रायव्हरला ब्लूटूथ घेऊन दिले आहे, हात मोकळे राहतात.’ हात मोकळे राहतात हे खरे, डोके मोकळे राहते काय? कॅनडातील टोरांटो येथे दोन संशोधकांनी ६९९ वाहनचालकांच्या फोनच्या बिलांची अपघातांच्या वेळांशी पडताळणी केली आणि १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झाल्याचे त्यांना दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते. आम्हाला तर त्यासाठी कॅनडापर्यंत जाण्याची गरज नव्हती. ताका मोजावयास बसा आणि शेजारच्याने मध्येच भाव विचारू द्या. हात मोकळे, डोळे कापडावर, तरीही मोजणी चुकते की नाही? पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. रस्त्यावर पहिल्यापासून मोजता येत नाही.

शेजारी बसलेल्या माणसाशी ड्रायव्हर बोलतो, मग फोनचेच काय वाईट, असाही प्रश्न येतो. शेजारच्याला रस्ता दिसतो. समोर वळण आले, बैल आडवा आला की तो आपोआप गप्प होतो. गादीवरच्या सेठला समोर तक्क्या दिसतो. तो बोलतच राहतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातील कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालविण्याचे. २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून गाडी चालविणे या कलमात स्पष्टपणे आले. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्ता दाखविणारा नकाशा फोनवर पाहण्यास नियमांत मुभा आहे, पण लक्ष विचलित होता कामा नये, अशी अट आहे. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर जुन्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत झाली. हे सारे ड्रायव्हरसाठी. फोन करणाऱ्याचा उल्लेख या कलमांत नाही. आणि मोबाईलवर बोलल्याचे ई-चलान गाडीमालकाच्या नावाने आले की आपल्यापैकी किती जण तो दंड ड्रायव्हरच्या पगारातून कापतात? फोन कोणाचा आला होता, हे तरी एकदा विचारावे.

ड्रायव्हर फोन उचलतो कशासाठी? त्याला धोका कळत नाही म्हणून नव्हे. वीस-वीस वर्षे घाट चढणाऱ्या माणसाला धोका आपल्यापेक्षा जास्त कळतो. तो उचलतो कारण पडद्यावर ‘सेठ’ असे नाव येते. न उचलल्यास काय ऐकावे लागते ते त्याला पाठ असते. झोपला होतास काय, ढाब्यावर किती वेळ बसलास, डिझेल कुठे काढून विकलेस! एकदा नाही उचलला तर आपण पुन्हा लावतो, तिसऱ्यांदा लावतो, मग क्लिनरला लावतो, मग त्याच्या घरी लावतो आणि त्याच्या बायकोचाही जीव टांगणीला लावतो. ज्याची रोजी आपल्या हातात आहे त्याच्याकडे ‘उचलू नको’ म्हणण्याची ताकद नसते. ती परवानगी आपणच द्यावी लागते, आणि तोंडाने देऊन भागत नाही. न उचलल्याबद्दल एकदाही रागावलो नाही, हे त्याला दिसावे लागते.

फोनच तेवढा दोषी आहे असेही नाही. दाताने पुडी फाडणे, तळहातावर तंबाखू मळणे, चहाचा ग्लास मांडीत धरणे, समोर फोन टेकवून त्यावर कव्वाली नाही तर पिक्चर लावणे, हे सगळे चालते. पूर्वी कॅसेट उलटी करताना गाड्या खड्ड्यात जात, आता गाणे बदलताना जातात. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या मालाची घाई, ड्रायव्हर रोजाने आणि मगरिबची वेळ जवळ आलेली, अशा वेळी त्याला फोन करून ‘इफ्तार के पहले पहुंच जा’ म्हणणाऱ्यांनी तर अल्लाहची भीती बाळगावी. त्याच्या डब्यात खजूर आणि पाणी आपणच ठेवावे आणि सांगावे, वाटेत थांबून रोजा सोड.

आपल्या गल्ल्यांतली तऱ्हा वेगळी. मोटारसायकलवर मागे सुताचे कोन बांधलेले, मान वाकडी करून खांदा आणि कान यांत फोन दाबलेला, आणि हा भाई सायझिंगवाल्याशी बीमच्या भावावरून हुज्जत घालत शाळा सुटण्याच्या वेळेला गर्दीतून चाललेला. मान वाकडी झाली की एका बाजूचे दिसत नाही. समोरून हातगाडीवर बीम येत असतो, मधून पोरे पळत असतात. तेथे वेग कमी म्हणून माणसे मरत कमी असतील, पण मोडलेले हात आणि लागलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत.

आमच्या वडिलांच्या काळी ट्रक निघाला की निघाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रंक कॉल लागला तर कळत असे, नाही तर बिल्टी पोहोचल्याचे कार्ड येई. मग एस.टी.डी. बूथ आले, ड्रायव्हरला फोन करावयाचा तर गाडी थांबवून खाली उतरावेच लागे. देशात मोबाईलवर पहिले संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी, आणि त्यानंतर काही वर्षे तर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, म्हणून माणूस जपून बोलत असे. फोन स्वस्त झाला आणि आपली सबुरी गेली. वडिलांचा धंदा आमच्यापेक्षा लहान होता हे कबूल, पण ट्रक दिसत नाही म्हणून बुडाला नव्हता.

त्या जानेवारीनंतर आम्ही पेढीवर काय बदलले ते सांगतो. गाडी चालू असताना गादीवरून फोन जात नाही. निघण्यापूर्वी थांबे ठरतात. चांदवड, नाशिकच्या बाहेर, घोटी आणि शहापूर. थांब्यावर गाडी कडेला पूर्ण उभी करून ड्रायव्हर मिस्ड कॉल देतो, काही सांगावयाचे असेल तर आम्ही तेव्हा बोलतो. मधल्या वेळात त्याचा फोन सीटमागच्या पेटीत असतो. चलानाची दुसरी प्रत गादीवर उघडी ठेवतो, म्हणजे मरून किती आणि हिरवे किती हे रात्री कोणाला विचारावे लागत नाही. फास्टॅगमुळे चांदवड, पिंपळगाव, घोटी, पडघा या नाक्यांवर पैसे कापले गेल्याचा संदेश आमच्या फोनवर येतो. गाडी कोठे आहे, ते त्यावरूनच कळते. हा संदेश पूर्वीही येत होता हो, फक्त आम्ही वाचत नव्हतो! ज्यांच्या चार-पाच गाड्या आहेत त्यांनी जी.पी.एस. यंत्र बसवावे, एका अपघातात जेवढी काच फुटते तेवढ्याही किमतीचे ते नसते.

ई-वे बिलाची मुदत संपेल म्हणून घाई करावी लागते, असे एक कारण नेहमी ऐकू येते. साध्या मालाला दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. मालेगाव ते भिवंडीला दोन दिवस मिळतात, प्रवास सहा तासांचा. उलट ई-वे बिलात गाडीचा नंबर चुकला, मग रात्री ड्रायव्हरला फोन करून ‘फोटो पाठव’ म्हणावयाचे, असे प्रकार जास्त होतात. नंबर गाडी सुटण्यापूर्वी दोनदा वाचावा. पाच मिनिटांचे काम आहे.

पाच वेळा आपण मशिदीत जातो. दारावर पाटी असते, मोबाईल बंद करा. करोडोंची उलाढाल करणारा सेठही खिशात हात घालून फोन बंद करतो आणि तेवढ्या वेळात कोणाचा सौदा तुटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. हीच पाटी टेम्पोच्या काचेवर उर्दूत आणि मराठीत लावावी, आणि एक गादीसमोर, फोन करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे.

‘जो होना था वो हुआ, तकदीर थी,’ असे इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्हालाही सर्वांनी समजावले. समजावणाऱ्यांची नियत चांगली होती. पण उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची गोष्ट आपल्यातील लहान पोरालाही ठाऊक आहे. आम्ही तर स्वतःच्या हाताने दोर सोडला होता.

या नियमाने आमचे नुकसान झाले काय, असे एकदोघांनी विचारले. एक झाले. मुंबईची एक जुनी पार्टी रात्री बारा वाजता माल कुठे आहे ते ड्रायव्हरला विचारून लगेच सांगा म्हणून हटून बसली. आम्ही सांगितले, घोटीला थांबेल तेव्हा सांगतो. त्यांनी पुढचा माल दुसरीकडून घेतला, ते अजून परतले नाहीत. वर्षाला चांगला धंदा होता तो.

क्लिनर आता आमच्या गादीवर बसतो. नकली पाय लावून चालतो, अक्षर चांगले आहे म्हणून चलाने तोच लिहितो. रात्रीचे फोनही त्याच्याकडे येतात. परवा एका पार्टीने ‘कहां पहुंची गाडी?’ म्हणून तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी त्याने सांगितले, ‘सेठ, गाडी चल रही है. रुकेगी तब बताऊंगा,’ आणि फोन ठेवून तो पुढचे चलान लिहावयास बसला.